नळाचा वार आणि डासाचा आठवडा

(वसंत व्याख्यानमालेत बार्शी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डेंग्यूचा विषय आपल्याकडे निघतो तो गणपतीच्या सुमारास. तोवर दवाखान्यांत खाटा पुरेनाशा झालेल्या असतात, घरोघरी प्लेटलेटचे आकडे विचारले जात असतात. त्या वेळी डासांवर व्याख्यान ठेवून फारसा उपयोग होत नाही. बोलायचं तर ते आत्ता, भर वैशाखात, कारण सप्टेंबरातल्या आजाराची अंडी आज आपल्या घरांत आहेत. ती कुठे आहेत हे सांगायलाच मी उभा आहे.

हा विषय बार्शीत मांडायला आणखी एक कारण आहे. डेंग्यूच्याच डासाने पसरणाऱ्या चिकुनगुन्यावरचे शास्त्रीय लेख कुणी उघडून पाहिले, तर त्यांत कोलकाता, चेन्नई, नागपूर यांच्या जोडीने बार्शीचं नाव सापडतं. हा रोग आपल्या देशात १९६३ साली कोलकात्यात आढळला. पुढे तो मद्रासला दिसला, १९६५ मध्ये नागपुरात पसरला आणि १९७३ साली या गावात त्याची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींच्या सांध्यांना ती साथ आठवत असेल. त्यानंतर हा रोग तीस-बत्तीस वर्षं जणू नाहीसा झाला आणि २००५-०६ मध्ये असा परतला की २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मराठवाड्यातली गावंच्या गावं तेव्हा अंथरुणाला खिळली होती. भिंतीला धरून उठणारी तरणीताठी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

१९७३ या सालाकडे जरा लक्ष द्या. बहात्तरच्या दुष्काळाने होरपळलेला हा भाग. पाणी मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढं भरून ठेवायचं, रांजण, हौद, पिंप, घागर, काही म्हणून रिकामं ठेवायचं नाही, ही रीत त्या दुष्काळाने हाडीमासी खिळवली. आणि चिकुनगुन्या, डेंग्यू, झिका हे तिन्ही रोग पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास जन्माला येतो तो नेमका असल्या पाण्यात. गटारात नाही, उकिरड्यात नाही. घरात माणसाने स्वतः भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगतो. या डासाची मादी पाण्यावर अंडी सोडून उडून जात नाही. भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर ती एकेक अंडं चिकटवते. ही अंडी काळी असतात आणि इतकी बारीक, की हौदाच्या काळपट कडेवर ती डोळ्यांना जाणवतही नाहीत. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत. कोरडी पडून कित्येक महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी चढून त्यांना भिजवलं की त्यांतून अळ्या निघतात. अळीचा कोष होतो, कोषातून डास बाहेर पडतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंडं भिजल्यापासून डास उडेपर्यंतचा हा सगळा प्रवास साधारण सात ते दहा दिवसांचा.

आता नळाच्या वाराकडे या. सोलापूर, मराठवाडा, नगर, नाशिकच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी शहरांत नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, आठ दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहूनही लांबतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. ज्या गावात पाणी आठव्या दिवशी येतं, त्या गावातलं प्रत्येक घर नाइलाजाने आठ दिवसांचं पाणी साठवतं. म्हणजे डासाला जेवढे दिवस हवेत, तेवढे दिवस पाणी हलवलं जात नाही. नळ आला की आपण शिळं पाणी ओतून टाकतो, पण ते घागरीतलं आणि माठातलं. दोनशे लिटरचं पिंप कुणी आडवं करत नाही. सिमेंटचा हौद तर तळापर्यंत रिकामा होतच नाही. उरलेल्या पाण्यावर नवं पाणी पडतं, कडेला चिकटलेली अंडी भिजतात आणि नवा आठवडा सुरू होतो.

म्हणून मला स्पष्ट बोलायचं आहे. डासमुक्तीच्या प्रत्येक पत्रकात दोष घरातल्या बाईच्या पदरात टाकलेला असतो. भांडी घासली नाहीत, पाणी झाकलं नाही, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळला नाही. आरोग्यसेविका दारात आल्या की पिंपाचं झाकण त्या बाईलाच उघडून दाखवायला सांगतात. पण ते पाणी तिने साठवलं ते नळ आठवडाभर येत नाही म्हणून. आठव्या दिवशी पाणी सोडणाऱ्या नगरपालिकेने डासांचं खापर तिच्यावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. डेंग्यू हा आरोग्य खात्याइतकाच पाणीपुरवठा खात्याचाही विषय आहे, आणि तो तसा मानला जात नाही म्हणून तो सुटत नाही.

स्वच्छ पाण्यातला डास ही गोष्ट माणसाला पटवणं कधीच सोपं नव्हतं. मुंबईचंच पाहा. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी केली. दलदलीकडे बोट दाखवलं जाईल अशी लोकांची अपेक्षा होती. बेंटलींनी बोट दाखवलं ते शहराच्या मध्यभागी, फोर्टसारख्या सुखवस्तू भागातल्या विहिरींकडे. हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस स्टिफेन्सी हा डास त्या स्वच्छ, पिण्याच्या विहिरींत वाढत होता. विहिरी बंद करा म्हटल्यावर मोठा विरोध झाला. पारशी समाजाला, हिंदूंना धर्मकृत्यांसाठी विहिरीचंच पाणी हवं होतं. त्या लोकांना अडाणी म्हणण्याचा मोह आज कुणाला होईल, पण त्यांच्या लेखी ते पाणी पवित्र होतं आणि त्यावर हात टाकणारं सरकार परकं होतं. शेवटी काही विहिरी बुजवल्या गेल्या, काही झाकल्या गेल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजूनही भाविकांसाठी उभी आहे. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते एवढंच, की माणसाच्या श्रद्धेला किंवा गरजेला हात न लावता पाणी झाकता येतं. झाकण हा शंभर वर्षांपूर्वीचाही उपाय होता.

मग आपण झाकणाकडून धुराकडे कसे वळलो? त्याला एका मोठ्या यशाचा इतिहास आहे. १९४५-४६ मध्ये डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली त्या वेळच्या मुंबई प्रांतातल्या धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. रात्री चावून भिंतीवर विसावणारे हिवतापाचे डास तिथेच मेले आणि तापाने ओस पडलेली गावं पुन्हा शेती करू लागली. १९५३ मध्ये हे काम देशभर सुरू झालं. तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला. ज्यांनी पाठीवर पंप बांधून हे केलं त्या फवारणी कामगारांचे या देशावर फार उपकार आहेत. पण पुढे ढिलाई झाली, डास डीडीटीला जुमानेनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. आपल्या मनात मात्र एक समजूत मागे राहिली, की डास मारायला सरकारी माणूस औषध घेऊन येईल.

आज गल्लीतून धूर सोडणारं यंत्र फिरतं तेव्हा आपण दारं-खिडक्या लावून घेतो. एडिस त्या वेळी घरात असतो, कॉटखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांच्या सावलीत. तो दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. धुराने मरतात ते त्या घडीला बाहेर उडणारे डास. पिंपातल्या अळ्यांना धुराचा स्पर्शही होत नाही आणि दोन-तीन दिवसांत नवे डास तयार होतात. साथ पेटलेली असताना रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांत दारं उघडी ठेवून केलेल्या धूर फवारणीला अर्थ आहे. एरवी नगरसेवकांनी वॉर्डात धूर सोडून घेणं आणि नागरिकांनी समाधान मानणं, यात पैसा जातो आणि डास राहतो. तोच पैसा पिंपांच्या झाकणांवर आणि हौदांच्या जाळ्यांवर घालावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

गटारांचं काम व्यर्थ, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत मुरवलं, उघडी गटारं बंद केली. गाव डासमुक्त म्हणून नावाजलं आणि ती पद्धत जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. घाण पाण्यातला क्युलेक्स हत्तीरोग पसरवतो, रात्रभर झोपू देत नाही. त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. परंतु शोषखड्डा झाला म्हणून हौद उघडा ठेवून चालत नाही. क्युलेक्स आणि एडिस, दोघांची घरं वेगळी आहेत.

एडिसला गाव आणि शहर दोन्ही चालतं. २०२१ च्या जुलैत राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. पाण्याचा तुटवडा सोसणारा तो तालुका. २०२४ मध्ये झिका पुण्यात एरंडवण्यात निघाला, बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या वस्तीत. तिथे डासाला रांजण लागत नाही. कुंड्यांखालच्या थाळ्या, मनीप्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, लिफ्टचा खड्डा, शेजारच्या बांधकामावरची टाकी, एवढ्यावर त्याचं भागतं. आपल्याकडे यात कूलर घाला. पंक्चरच्या दुकानाबाहेरचे टायर घाला. आणि पाखरांसाठी आपण मायेने गच्चीत ठेवतो ती पाण्याची भांडीही घाला. ती ठेवूच नका असं मी म्हणणार नाही, रोज पाणी बदलून हाताने घासून ठेवा.

आता हाताला काम. नळाचा वार हाच कोरडा दिवस धरायचा. नळ यायच्या आधी पिंप रिकामं करायचं आणि आतली कड काथ्याने खरवडून घासायची, कारण अंडी नुसत्या विसळण्याने निघत नाहीत. उरलेलं पाणी फेकू नका. दुष्काळी मुलखात पाणी फेका असं सांगणं मला पटत नाही. दुहेरी कापडातून गाळून ते वापराला घ्या किंवा तसंच झाडांच्या मुळाशी ओता, मातीत अळ्या मरतात. घट्ट झाकण नसेल तर जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड तोंडाला बांधा, दोरी ताणून. जो हौद रिकामा करताच येत नाही, गोठ्यातली जी डोण हलवता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात मिळतात. फक्त ओढ्यात, तळ्यात ते सोडू नका, तिथल्या मूळ माशांचं त्याने नुकसान होतं.

एक गोष्ट फार थोडे पाळतात. मच्छरदाणी आपण निरोगी माणसाला लावतो. डेंग्यूच्या तापात पहिले पाच-सहा दिवस विषाणू रक्तात असतो. त्या दिवसांत चावलेला डास आठ-दहा दिवसांनी रोग द्यायला लागतो आणि मरेपर्यंत देत राहतो. हा डास लांब जात नाही, फार तर शे-दोनशे मीटर, म्हणजे आपलीच गल्ली. तेव्हा तापाच्या माणसाला दिवसाढवळ्या मच्छरदाणीत ठेवा, त्याने शेजारची मुलं वाचतात. तापाला पॅरासिटामॉल द्यावं, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जोखमीचे. पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर दिवस उजाडायची वाट न पाहता दवाखाना गाठा.

नगरपालिकेकडे माझं मागणं सरळ आहे. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आणि हिवताप विभागाचं सर्वेक्षण यांचा मेळ घाला. ज्या वॉर्डात सोमवारी पाणी, तिथे कर्मचारी रविवारी जावेत, पिंपं रिकामी असताना, आणि घासायला हात लावावा. पाण्याची पाळी लांबली तर ती सात दिवसांपलीकडे जाऊ देऊ नका. मृगाच्या आधी घरोघरीच्या पिंपांची मोजणी होऊन झाकणं वाटली जावीत. आणि हे काम घरातल्या पुरुषांनीही करायचं आहे. दोनशे लिटरचं पिंप आडवं करायला ताकद लागते.

सभागृहाच्या दाराशी तीन बरण्या ठेवल्या आहेत, तोंडाला कापड बांधून. एकीत ॲनाफिलिसच्या अळ्या आहेत, त्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या राहतात. बाकी दोन्हींत अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. श्वासाची नळी लांब असेल तर क्युलेक्स, आखूड असेल तर एडिस. सोबत भिंग आहे. मुलांना पुढे जाऊ द्या, त्यांना नीट पाहू द्या, आणि घरी गेल्यावर त्यांच्याच हातात टॉर्च देऊन पिंपात बघायला सांगा.