कर घेतला म्हणजे मान्यता दिली काय?

(नभोवाणीवरील भाषण)

वैतरणेचा पूल ओलांडला कीं पश्चिम रेल्वेवर सफाळें हें लहानसें स्टेशन लागतें. पहांटेच्या गाडीनें येथून भाजीच्या पाट्या मुंबईकडे जातात, आणि थोड्याच वेळानें उलट दिशेच्या गाडीनें बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे तरुण मुलें जातात. ह्या दोन्ही गाड्यांत बसणारीं बहुतेक माणसें कोठल्या ना कोठल्या वर्षीं माझ्यासमोर बांकावर बसलेलीं आहेत. कारण मी ह्याच भागांतला एक निवृत्त शिक्षक आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें अध्यापनाच्या पदविकेचें. अर्थशास्त्री म्हणून आपणांपुढें बोलण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु व्याजाचीं आणि शेंकडेवारीचीं उदाहरणें मीं जन्मभर शिकविलीं, आणि आजचा विषय शेवटीं त्याच धड्यांत येऊन मिळतो, म्हणून हें धाडस करीत आहें.

विषय आहे तो बिटकॉइन वगैरे आभासी चलनांचा आणि त्यांविषयींच्या सरकारी धोरणाचा. तो माझ्या मनांत कां शिरला हें आधीं सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तारापूरच्या एका कारखान्यांत तो नोकरीस आहे. ओसरीवर बसला, चहा घेतला, आणि बराच वेळ कांहींच बोलेना. शेवटीं म्हणाला, “गुरुजी, माझें गणित कोठें चुकलें तें सांगा.” मग त्यानें सर्व हकीकत सांगितली. कोणा अनोळखी माणसानें मोबाईलवरून त्यास एका मंडळींत घेतलें. तेथें रोज कोणास किती नफा झाला हें छापून येई. ह्यानें बहिणीच्या लग्नासाठीं सांठविलेले तीन लाख रुपये हप्त्याहप्त्यानें त्यांत घातले. पडद्यावर त्याचे अकरा लाख झालेले दिसूं लागले. पैसे काढावयास गेला तेव्हां उत्तर आलें कीं, आठ लाखांच्या नफ्यावर सरकारचा शेंकडा तीस कर आहे, तो आधीं भरा, मग पैसे सुटतील. तीस टक्के कर खरोखरच आहे हें त्यानें वर्तमानपत्रांत वाचलें होतें. आठ लाखांवर तीस टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार; त्याचा हिशेब तंतोतंत बरोबर होता. पतपेढींतून कर्ज काढून त्यानें ती रक्कम भरली. दुसऱ्या दिवशीं ती मंडळीही नाहीं, तें खातेंही नाहीं, आणि तो माणूसही नाहीं. पांच लाख चाळीस हजार रुपये गेले, आणि लग्न पुढें ढकलावें लागलें.

श्रोतेहो, ह्या हकीकतींत माझाही वांटा आहे. २०२१ सालीं हाच मुलगा बाजारांत भेटला असतां त्यानें मला विचारलें होतें, “गुरुजी, ह्या बिटकॉइनचें काय करावें?” मला त्यांतलें कांहीं कळत नव्हतें, परंतु तें कबूल करण्याची लाज वाटली, म्हणून “तुम्ही हल्लींचीं मुलें, तुम्हांला आमच्यापेक्षां अधिक कळतें,” असें हंसून मीं वेळ मारून नेली. ज्या शिक्षकानें “मला ठाऊक नाहीं, पण शोधून सांगतों” एवढें म्हणावयास हवें होतें, त्यानें मौन पत्करलें. तें शोधण्याचें काम मीं आतां केलें आहे, आणि तें आपणांस सांगून थोडें ऋण फेडावें असा विचार आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. आपल्या पेढ्यांवर पूर्वीं रोजकीर्द आणि खतावणी असे. ती एका मुनीमाच्या हातीं असल्यामुळें तींत खाडाखोड होण्याचें भय असे. २००८ सालीं सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवानें कोणी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांतील कल्पना अशी कीं, एकच खतावणी हजारों यंत्रांवर एकाच वेळीं ठेवावी, प्रत्येक नवें पान मागील पानास गणिती कुलुपानें जखडावें, म्हणजे एकट्यादुकट्यास जुनी नोंद बदलतां येणार नाहीं. ह्या खतावणीस ब्लॉकचेन म्हणतात. २००९ च्या जानेवारींत तिच्यावर बिटकॉइन सुरू झालें आणि त्याची एकूण संख्या दोन कोटि दहा लाखांहून अधिक होऊं नये असा नियम त्यांतच घालून ठेवला. कल्पना हुशारीची आहे, ह्यांत शंका नाहीं.

मात्र नाण्याची गोष्ट निराळी. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर तिच्या गव्हर्नरचें वचन छापलेलें असतें. हुंडी घेतली तर मागें साहुकाराची पत असे. शेत घेतलें तर भात पिकतें, आणि भाग घेतला तर मागें कारखाना असतो. बिटकॉइनच्या मागें वचन देणारा कोणी नाहीं आणि पिकणारें कांहीं नाहीं. उद्यां दुसरा कोणी अधिक देईल ह्या आशेवर त्याची किंमत उभी आहे. म्हणूनच २०२१ च्या नोव्हेंबरांत सुमारें ६९,००० डॉलरांवर गेलेलें तेंच नाणें पुढल्या वर्षाच्या नोव्हेंबरांत १६,००० च्या आसपास आलें. पुढें त्यानें ती जुनी पातळी ओलांडलीही. परंतु ज्यास मधल्या वर्षांत मुलीचें लग्न करावयाचें होतें त्यास ह्या पुढच्या तेजीचा काय उपयोग?

आतां सरकारचें धोरण. रिझर्व्ह बँकेनें २०१३ च्या डिसेंबरांतच जनतेस सावधगिरीची सूचना दिली होती. ६ एप्रिल २०१८ रोजीं तिनें बँकांस आज्ञा केली कीं, ह्या व्यवहारांस कोणतीही सेवा देऊं नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि ४ मार्च २०२० रोजीं न्यायालयानें ती आज्ञा रद्द केली. कारण असें दिलें कीं, बंदी नसलेल्या धंद्याचा बँकांशीं संबंध तोडणें हा उपाय प्रमाणाबाहेरचा होता, आणि बँकांचें प्रत्यक्ष नुकसान झाल्याचें दाखविण्यांत आलें नव्हतें. पुष्कळांनीं ह्याचा अर्थ “न्यायालयानें बिटकॉइन मान्य केलें” असा लावला. तो चुकीचा होता. न्यायालयानें उपाय रद्द केला. त्या वस्तूस चांगुलपणाचा दाखला दिला नव्हता.

पुढें २०२२ च्या अंदाजपत्रकांत “आभासी डिजिटल मालमत्ता” ह्या नांवाखालीं तिच्या नफ्यावर तीस टक्के कर बसला. खरेदीच्या किंमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाहीं, आणि एकींतला तोटा दुसरींतल्या नफ्यांतून वळता करतां येत नाहीं. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का मुळांतच कापला जाऊं लागला. त्याच महिन्यांत अर्थमंत्र्यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, रिझर्व्ह बँकेचें मत बंदीच्या बाजूचें आहे, परंतु ही वस्तु सीमा मानीत नसल्यामुळें इतर राष्ट्रांच्या सहकार्यावांचून बंदी किंवा नियमन परिणामकारक होणार नाहीं. ७ मार्च २०२३ रोजीं ह्या धंद्यांतील संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखालीं आणल्या गेल्या, आणि त्यांस केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणें भाग पडलें. तथापि, ग्राहकाचें संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाहीं.

म्हणजे आजची स्थिति अशी आहे: बंदी नाहीं, मान्यता नाहीं, कर मात्र आहे. दिल्लींतल्या विद्वानांस ह्या तीन वाक्यांतील भेद कळतो. सफाळ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलास तो कळत नाहीं. तो म्हणतो, “सरकार कर घेतें, त्या अर्थीं व्यवहार सरकारी आहे.” आणि ठक त्याच कराचें नांव पुढें करून त्याचा गळा कापतो.

ह्यावर कोणी म्हणेल, मग सरळ बंदीच करावी. चीननें २०२१ च्या सप्टेंबरांत तसें केलें. उलट एल साल्व्हाडोरनें त्याच महिन्यांत बिटकॉइनला कायदेशीर चलन केलें, आणि २०२५ च्या जानेवारींत तें स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. युरोपीय संघानें मधला मार्ग धरून सविस्तर नियम केले, ते २०२४ च्या अखेरीस पूर्णपणें लागू झाले. मला स्वतःला हा मधला मार्ग बरा वाटतो, आणि त्याचें कारण आपल्याच मुंबईच्या इतिहासांत आहे.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत रोज नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघाल्या. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे भाग मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले गेले. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या एका शब्दावर कर्जें मिळत. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ह्या हिशेब चुकता करण्याच्या दिवशीं मुंबईचें दिवाळें वाजलें. बँक ऑफ बाँबेही पुढें बुडाली. आणि त्याच धामधुमींत, १८६४ सालीं, आमच्या गांवावरून जाणारा सुरतेचा लोहमार्ग मुंबईस पोंचला होता. भाग तेव्हां दोहोंचेही निघाले, रेल्वेचे आणि हवेंतल्या कंपन्यांचे. हवेंतल्या कंपन्या गेल्या. रूळ अजून आहेत, आणि माझे विद्यार्थी त्यांवरून कामास जातात.

त्या आपत्तीनंतर भागांचा व्यवहार कायमचा बंद केला असता तर पुढचे कारखाने उभे राहिले नसते. नियम मात्र फार उशीरां आले. दलालांची संस्था १८७५ सालीं झाली. आणि गुंतवणाऱ्याचें रक्षण करणाऱ्या ‘सेबी’स कायद्याचे अधिकार मिळावयास १९९२ साल उजाडलें. एवढा काळ थांबणें आतां परवडणार नाहीं.

ह्या नव्या खतावणीचाही रुळांसारखा टिकाऊ उपयोग असूं शकेल. गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें २०२२ सालीं जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदण्याचा प्रयोग झाला. आमच्या पालघर जिल्ह्यांतील आदिवासी बांधव दाखल्यासाठीं किती हेलपाटे घालतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास खोटा दाखला ओळखणाऱ्या आणि खरा न हरवणाऱ्या नोंदीचें मोल सांगावयास नको. रिझर्व्ह बँकेनें स्वतः १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सामान्य जनतेसाठीं ई-रुपयाचा प्रयोग सुरू केला. तो रुपयाच आहे. त्याची किंमत वाढत नाहीं, त्यावर व्याज मिळत नाहीं. ई-रुपया दुप्पट करून देतों असें जो म्हणेल तो लबाड समजावा.

उलट बाजूही ऐका. पुण्यांत २०१८ सालीं पोलिसांनीं हातीं घेतलेल्या ‘गेन बिटकॉइन’ प्रकरणांत दरमहा दहा टक्के परताव्याचें अठरा महिन्यांचें आश्वासन दिलें गेल्याचा आरोप आहे. पुढें बिटकॉइनच्या ऐवजीं चालकांनींच काढलेलें हलक्या किंमतीचें नाणें लोकांच्या हातीं पडलें. मुख्य आरोपी २०२२ च्या जानेवारींत मरण पावला आणि तपास अखेर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आणि प्रकरण नेहमीं ठकाचेंच असतें असेंही नाहीं. १८ जुलै २०२४ रोजीं ‘वझीरएक्स’ ह्या प्रसिद्ध बाजारांतून सुमारें २३ कोटि डॉलरांची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे कित्येक महिने अडकून पडले. बँक बुडाली तर पांच लाखांपर्यंतच्या ठेवीस विमा आहे. येथें तसा विमा नाहीं.

म्हणून सरकारकडे माझें मागणें थोडें आहे. ग्राहकाचा पैसा संस्थेच्या पैशापासून वेगळा ठेवण्याची सक्ति व्हावी. तक्रारीसाठीं एक अधिकारी आणि एक मुदत असावी. आणि ज्या मोठ्या अक्षरांत कराची जाहिरात होते, त्याच मोठ्या अक्षरांत “ह्या कराचा अर्थ मान्यता नव्हे” हें मराठींत लिहिलेलें प्रत्येकास वाचावयास मिळावें.

घरच्या मंडळींस चार गोष्टी सांगतों. आयकर हा सरकारच्या खात्यांत भरला जातो, किंवा पैसे देणारा तो कापून घेतो. स्वतःचे पैसे सोडविण्यासाठीं कोणा माणसाकडे आधीं “कर” पाठवावा लागत नाहीं. संस्था वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली आहे काय हें पाहावें, आणि नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे हेंही लक्षांत ठेवावें. लग्नाचा, औषधाचा आणि शाळेचा पैसा ह्यांत घालूं नये. आणि फसवणूक झाली तर लाजेनें घरांत बसूं नये. ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. माझ्या विद्यार्थ्यानें लाजेपायीं चार दिवस घालविले, आणि तेवढ्यांत पैसा हातचा गेला.

त्या संध्याकाळीं त्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मीं त्यास दिलें. त्याचें गणित बरोबर होतें. चुकलें होतें तें उदाहरणांत धरून चाललेलें पहिलें वाक्य. अकरा लाख रुपये आहेत, असें त्यानें गृहीत धरलें. ते कधीं नव्हतेच. आतां दर रविवारीं तो पतपेढीचा हप्ता भरल्याची पावती मला आणून दाखवितो, आणि येतांना कारखान्यांतील एकदोन सोबत्यांस घेऊन येतो. त्यांच्या प्रश्नांपैकीं पुष्कळांचीं उत्तरें मला येत नाहींत. आतां मी तसें स्पष्ट सांगतों, आणि मग आम्ही मिळून शोधतों.