शाळेच्या आवारातील पहिला उन्हाळा

(हीरकमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



शनिवार, २२ मे १७२३. जर्मनीतील लाइपझिग नगरात भर दुपारी घरसामानाने लादलेल्या चार गाड्या आल्या. मागोमाग दोन वाजता दोन घोडागाड्यांतून मंडळी आली आणि सेंट टॉमस शाळेच्या इमारतीतील, नुकत्याच दुरुस्त केलेल्या बिऱ्हाडात उतरली. हँबुर्गच्या एका वृत्तपत्राने ही बातमी छापली, म्हणून गाड्यांची संख्यासुद्धा आज ठाऊक आहे. कुटुंबप्रमुख होते योहान सेबास्टियन बाख. वय ३८. बरोबर २१ वर्षांची पत्नी आना माग्दालेना, तिची तान्ही मुलगी आणि दिवंगत पहिल्या पत्नीची चार मुले: १४ वर्षांची कॅथरिना, १२ वर्षांचा फ्रीडमान, ९ वर्षांचा इमॅन्युएल आणि ८ वर्षांचा बर्नहार्ड. त्या चौघांची सख्खी मावशीही याच घरात राहत असे. परगावी बदली होऊन आलेल्या कुटुंबांना त्या दुपारची लगबग वेगळी समजावून सांगायला नको.

बाख क्योथेनच्या राजदरबारी संगीतप्रमुख होते. राजा स्वतः संगीताचा जाणकार होता. १७२० च्या जुलै महिन्यात याच राजाबरोबर परगावी गेलेले बाख परतले, तेव्हा पहिली पत्नी मारिया बार्बारा हिचे दफनही उरकलेले होते. दीड वर्षाने, डिसेंबर १७२१ मध्ये, त्यांनी दरबारातील गायिका आना माग्दालेनाशी विवाह केला. त्याच महिन्यात राजाचेही लग्न झाले. नव्या राणीला संगीतात रस नव्हता आणि राजाचाही उत्साह थंडावला, असे बाख यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

इकडे लाइपझिगच्या शाळेतील संगीतशिक्षकाची, म्हणजे ‘कँटर’ची, जागा १७२२ च्या जूनपासून रिकामी होती. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान यांना होती. त्यांनी हँबुर्गमध्येच राहणे पसंत केले. दुसरे ग्राउप्नर, त्यांना त्यांच्या राजाने सोडले नाही. उत्तम मिळत नसेल तर मध्यमावर भागवावे, अशा अर्थाचे एका सभासदाचे उद्गार नगरसभेच्या दप्तरात आहेत. त्यांचा रोख संगीताकडे नसून अध्यापनाकडे असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. ते खरे धरले तरी वाक्य काही गोड होत नाही.

बाख यांच्या दृष्टीनेही ही बढती नव्हती. दरबारी संगीतप्रमुखाने शाळेत शिक्षक व्हावे, आणि तेही मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांच्या खालच्या तिसऱ्या पायरीवर! हे आपल्याला प्रथम मुळीच योग्य वाटले नाही, तीन महिने निर्णय लांबवला, असे त्यांनी १७३० मध्ये एका जुन्या शाळासोबत्याला कळवले. मग मन कशाने वळले? त्यांनी दिलेल्या कारणांत एक असे की, मुलांचा ओढा शिक्षणाकडे दिसत होता. लाइपझिगला विद्यापीठ होते. बाख स्वतः दहाव्या वर्षी पोरके झाले, थोरल्या भावाच्या घरी वाढले आणि विद्यापीठाची पायरी कधी चढले नाहीत. हे कारण त्यांनी सहज लिहिले नसावे.

सामान उतरल्यावर आठवडाभरात, ३० मे रोजी, सेंट निकोलस चर्चमध्ये त्यांची पहिली रचना सादर झाली: चौदा भागांचा, दोन खंडांतला कॅन्टाटा. कॅन्टाटा म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्ये यांनी मिळून सादर करावयाची रचना. तिच्या हस्तलिखिताचा कागद लाइपझिगचा नाही. म्हणजे एकीकडे सामान बांधले जात असताना दुसरीकडे ही रचना कागदावर उतरत होती. पुढच्या रविवारी सेंट टॉमस चर्चमध्ये तेवढाच मोठा दुसरा कॅन्टाटा. १३ जून रोजी मात्र जुनीच एक रचना बाहेर काढली. दर आठवड्याला नवे काही देणे बाख यांनाही जड जात असणार. २ जुलैच्या सणासाठी जुन्या रचनेला वाढवून नवे रूप दिले. तिच्यातील एक समूहगीत आज जगभर पियानोवर वाजते. ऐकणाऱ्या पुष्कळांना त्याचा उगम एका शाळामास्तराच्या घाईच्या आठवड्यात आहे, याची कल्पना नसते.

गाणार कोण? शाळेच्या वसतिगृहातील मुले. १७३० मध्ये बाख यांनी त्यांची संख्या ५५ दिली आहे, आणि त्यांतील बरीच गाण्याच्या उपयोगाची नाहीत, ही तक्रारही केली आहे. चार आठवड्यांतून एक आठवडा वसतिगृहावर देखरेख करण्याची पाळी कँटरवर येई. लॅटिनही शिकवणे भाग होते. ते मात्र त्यांनी वर्षाला ५० थालर पदरचे देऊन एका सहशिक्षकाकडे सोपवले.

१४ जून रोजी, म्हणजे तिसऱ्या सादरीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी, फ्रीडमान आणि इमॅन्युएल यांची नावे शाळेच्या पटावर चढली. वडील त्याच शाळेत शिक्षक, घर त्याच इमारतीत. त्या दोन मुलांची सुटका कुठेच नव्हती, असे एखादा विद्यार्थी म्हणेल!

या उन्हाळ्याचा खर्च मात्र एकट्या वडिलांनी उचलला नाही. आना माग्दालेना क्योथेनमध्ये स्वतःचे वेतन घेणारी दरबारी गायिका होती. लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रियांना गाण्यास स्थान नव्हते. ज्या गावात तिचा पती दर रविवारी नवे संगीत उभे करत होता, तेथे ते गाण्याची सोय तिला नव्हती. वरचा स्वर शाळेतील मुलगे गात. पुढच्या वर्षी, जुलै १७२४ मध्ये, क्योथेनच्या दरबाराने पतिपत्नींना पाहुणे कलावंत म्हणून बोलावून बिदागी दिल्याची नोंद सापडते. बाख यांच्या थोरवीवर ग्रंथ भरले आहेत. त्या मानाने या नोंदीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

शाळासोबत्याला लिहिलेले ते पत्र खरे तर दुसरी नोकरी मिळवून देण्याच्या विनंतीचे आहे. गाव महाग, वरिष्ठांना संगीताचे प्रेम नाही, आणि १७२९ साली हवा इतकी निरोगी राहिली की अंत्ययात्रा घटून शंभराहून अधिक थालरांचे उत्पन्न बुडाले, असे त्यात गाऱ्हाणे आहे. त्याच पत्राच्या शेवटी सूर बदलतो. आपली मुले जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी गायन-वादनाची मैफल उभी राहू शकते, पत्नी स्वच्छ सोप्रानो गाते आणि थोरली मुलगीही साथ बरी करते, असे ते लिहितात.

नवी नोकरी मिळाली नाही. फ्रीडमान आणि इमॅन्युएल दोघेही त्याच गावच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेले, आणि दोघेही संगीतकारच झाले. टेलेमान हे इमॅन्युएलचे धर्मपिता. ज्या हँबुर्गसाठी टेलेमान यांनी लाइपझिग नाकारले, तेथे त्यांच्या पश्चात, १७६८ मध्ये, संगीतप्रमुखाच्या जागेवर हाच इमॅन्युएल रुजू झाला.