मतदार आणि त्याच्या मतदारसंघाची सीमा

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमच्या जवळच तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. महालिंगस्वामींच्या विस्तीर्ण देवालयामुळे ते दक्षिणेत प्रसिद्ध आहे. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ते मध्यार्जुन या नावाने ठाऊक असेल, कारण १७९८ साली तंजावरची गादी सोडावी लागल्यावर अमरसिंह भोसले यांनी आपला लहानसा दरबार येथेच भरविला होता. तथापि या व्याख्यानात त्याचा उल्लेख होत आहे तो निराळ्या कारणासाठी. मतदारसंघाची सीमा हलली म्हणजे मतदाराच्या पदरात काय पडते, हे या गावाच्या उदाहरणावरून चांगले उमगते.

लोकसभेच्या १९७१ पर्यंतच्या निवडणुकांत कुंभकोणम् हा स्वतंत्र मतदारसंघ होता. १९७७ पासून तो नकाशावर राहिला नाही आणि हा भाग मायिलाडुतुरै मतदारसंघात गेला. पुढे २००८ च्या पुनर्रचनेने तिरुविडैमरुदूरची विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव केली. २०२० साली मायिलाडुतुरै हा नवा जिल्हा झाला. तिरुविडैमरुदूर मात्र तंजावर जिल्ह्यातच राहिले. त्यामुळे शीर्काळी, मायिलाडुतुरै आणि पूम्पुहार हे तीन विधानसभा मतदारसंघ एका जिल्ह्यातील, तर तिरुविडैमरुदूर, कुंभकोणम् आणि पापनाशम् हे तीन दुसऱ्या जिल्ह्यातील, अशा सहांचा मिळून लोकसभेचा एक मतदारसंघ झाला. जिल्हाधिकारी एकीकडचा आणि खासदाराच्या मतदारसंघाचे नाव दुसरीकडचे, अशी मतदाराची स्थिती झाली.

यांपैकी कोणताही बदल मतदाराने मागितल्यामुळे झाला नव्हता. २००२ च्या कायद्यानुसार परिसीमन आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त, अशा तिघांचा समावेश होता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे अध्यक्ष होते. राज्यातील पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत. त्यांना बोलता येई, मत देता येत नसे. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध व्हावा, हरकती मागवाव्यात, जाहीर बैठकी घ्याव्यात, असे कायदा सांगतो. परंतु सामान्य शेतकरी किंवा शेतमजूर राजपत्र चाळीत बसत नाही, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. एकदा आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते. संसदेला त्यात फेरफार करता येत नाही. अशा आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात दिला होता.

राखीव जागेचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. अशा मतदारसंघात मत सर्वांनाच देता येते, उमेदवारी मात्र अनुसूचित जातींतील व्यक्तीलाच मिळते. त्यांची वस्ती ज्या भागांत तुलनेने अधिक आहे तेथे अशा जागा असाव्यात, असा नियम आहे. कावेरीच्या खोऱ्यात या नियमाला केवळ आकडेवारीचा अर्थ नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या झगड्यातून दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जण जाळून मारले गेले. त्या खोऱ्यात राखीव जागा ही औपचारिक सवलत नव्हे. याउलट, एकच जागा दीर्घकाळ राखीव का ठेवावी, असेही विचारले जाते. तेन्काशी १९६७ पासून राखीव आहे. ती जागा खुली करावी अशी याचिका मद्रास उच्च न्यायालयापुढे आली होती. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. ते ऐकावयाचे कोठे, हाच खरा प्रश्न.

त्याच याचिकेच्या संदर्भात २०२१ मध्ये न्यायालयाने निराळाच मुद्दा उपस्थित केला. १९६२ पर्यंत मद्रास राज्याच्या लोकसभेत ४१ जागा होत्या. १९६७ पासून त्या ३९ झाल्या. लोकसंख्येला आळा घातल्याबद्दल राज्याला ही शिक्षा का, असे न्यायालयाने विचारले. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या गोठविली आणि २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने ती मुदत वाढविली. परिणाम असा की १९७१ मध्ये राजस्थानची लोकसंख्या सुमारे २.५८ कोटी होती, २०११ मध्ये ६.८५ कोटी झाली, आणि जागा २५ च राहिल्या. तमिळनाडूच्या ७.२१ कोटींना ३९ जागा. म्हणजे तेथे एका खासदारामागे सुमारे साडेसत्तावीस लाख माणसे, येथे साडेअठरा लाख. राजस्थानच्या मतदाराची तक्रार खोटी नाही. तमिळ मतदाराची भीतीही खोटी नाही. २२ मार्च २०२५ रोजी चेन्नईत अनेक राज्यांच्या नेत्यांची बैठक झाली ती याच भीतीपोटी.

उमेदवार निवडण्याच्या बाबतीतही मतदार असाच बाहेर उभा असतो. कोणाला तिकीट द्यावयाचे हे पक्षच ठरवितो. २०१४ मध्ये काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत, महाराष्ट्रात वर्ध्यासारख्या ठिकाणी, प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. पण मत दिले ते पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये सीमा आखण्याचे काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले, आणि २०१० मध्ये सर्व पक्षांच्या उमेदवारांची एकत्रित प्राथमिक निवडणूक स्वीकारली. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील मतदारांनीच काही वर्षांपुरता संसदीय जागांसाठी विधिमंडळाचा नकाशा मान्य केला, तोही टेक्साससारख्या दुसऱ्या राज्यातील पक्षीय आखणीला उत्तर म्हणून. मतदाराला विचारले की निर्णय निःपक्षपातीच होईल, अशी हमी नसते. तरीही त्याला विचारले गेले, हा फरक लहान नाही.

तिरुविडैमरुदूरच्या दृष्टीने तमिळनाडूला किती जागा मिळणार हा जितका महत्त्वाचा प्रश्न आहे, तितकाच आपला तालुका कोणत्या तालुक्यांशी जोडला जाणार हाही आहे. पुढील मसुदा निघेल तेव्हा तो तमिळ भाषेत, तालुक्याच्या कचेरीत, हरकतीची मुदत संपण्याच्या पुरेशी आधी तेथील मतदाराच्या हाती पडावयास हवा.