तळ्याचे जुळे भावंड

डिचोली तालुक्यातील मये गावच्या तळ्याकाठी ऐन वैशाखात उभे राहिले तरी पाण्याकडे पाहून मनुष्याचे समाधान होते. भोवती झाडीने भरलेल्या टेकड्या, संथ पाणी, होड्यांतून हिंडणारी पर्यटक मंडळी आणि काठावर टपून बसलेला एखादा बगळा. पाहणाऱ्यास वाटते, तळे सुखरूप आहे. परंतु हे समाधान वरच्या हातभर पाण्यापुरतेच खरे असते. त्याखाली काय चालले आहे, तळाशी प्राणवायू किती उरला आहे, गेल्या पावसात किती गाळ येऊन बसला, याचा पत्ता काठावरून लागत नाही. मासे उलटे होऊन तरंगू लागले किंवा पाणी एकाएकी हिरवे पडले म्हणजे गावाला कळते. आणि त्या वेळी करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

हे न दिसणारे जीवन आधी कळावे म्हणून शास्त्रज्ञांनी अलीकडे जी युक्ती योजली आहे, तिला ‘डिजिटल ट्विन’ असे म्हणतात. ट्विन म्हणजे जुळे. खऱ्या तळ्याचे एक जुळे भावंड संगणकात जन्माला घालावयाचे, अशी ही कल्पना आहे. हे नुसते चित्र किंवा नकाशा नव्हे. नकाशा एकदा काढला की तो तसाच राहतो. हे जुळे मात्र खऱ्या तळ्याबरोबर दिवस काढते. तळ्यात बसविलेली मापकयंत्रे पाण्याची उंची, उष्णता, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू यांचे आकडे घटकेघटकेला पाठवितात. संगणकातील गणित ते आकडे घेऊन आपली चूक दुरुस्त करते आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत काय होईल याचा अंदाज सांगते. शिवाय खऱ्या तळ्यावर जे प्रयोग करणे धोक्याचे ते या जुळ्यावर करून पाहता येतात. दार एक हात उघडले तर काय होईल? टेकडीवरची झाडी अर्धी तोडली तर? जुळे बुडाले तरी कोणाचे भात बुडत नाही.

या कल्पनेचे मूळ तळ्यात नसून यंत्रांत आहे. १९७० च्या एप्रिलात चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या यानातील प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा जमिनीवर ठेवलेल्या यानाच्या प्रतिकृतींत प्रत्येक उपाय आधी करून पाहण्यात आला आणि तिन्ही अंतराळवीर सुखरूप परतले. पुढे २००२ साली मायकेल ग्रीव्ह्ज यांनी कारखान्यातील वस्तूंसाठी हा विचार पद्धतशीरपणे मांडला आणि २०१० च्या सुमारास ‘नासा’ या अमेरिकन संस्थेत त्याला आजचे नाव मिळाले. तथापि इंजिन आणि तळे यांत एक मोठा भेद आहे. इंजिनाचा खिळा न् खिळा माणसाने घडविलेला असतो. तळ्याचा बांध माणसाने घातला असला तरी त्यातील जीव त्याने घडविलेले नाहीत. म्हणून तळ्याचे जुळे हे नेहमीच थोडे अडाणी राहणार, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

मग त्याला निश्चित असे काय कळते? सर्वांत आधी कळतात ते पाण्याचे थर. उन्हाने तापलेले हलके पाणी वर राहते आणि थंड, जड पाणी खाली बसते. थंड देशांतील तळ्यांविषयी हे सर्वजण वाचतात; आपल्याकडे पाणी सगळेच कोमट, तेव्हा येथे कसले थर, असा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. ५ आणि १० अंशांच्या पाण्यात एका घनमीटरमागे वजनाचा फरक पाव किलोच्या आसपास असतो. २५ आणि ३० अंशांच्या पाण्यात तोच फरक सुमारे १.४ किलो होतो. म्हणजे पाच अंशांचेच अंतर, पण उष्ण प्रदेशात ते पाचपट भारी. त्यात ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मावतो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. १० अंशांच्या पाण्यात अकराहून अधिक. तळाशी असलेली ही तुटपुंजी शिदोरी कुजणारा पालापाचोळा लवकर संपवितो, आणि वरून नवा प्राणवायू खाली उतरू शकत नाही, कारण मध्ये थरांचा पडदा असतो.

येथेच डिचोलीच्या लाल मातीचा संबंध येतो. लोहयुक्त मातीला एक गुण आहे. पाण्यात प्राणवायू असेपर्यंत ती फॉस्फरस नावाचे खत स्वतःला चिकटवून ठेवते. प्राणवायू संपला की लोह विरघळते, त्याबरोबर मँगनीजही पाण्यात उतरते, आणि बांधून ठेवलेला फॉस्फरस मोकळा होतो. मग एखाद्या वादळी दिवशी तळे ढवळून निघाले की हे खत वर येते आणि शेवाळाला मेजवानी मिळते. लोक म्हणतात, काल तर पाणी स्वच्छ होते! काल ते स्वच्छच होते. साठवण खाली चालली होती.

मये, शिरगाव, मुळगाव हा सारा मुलूख खनिजाचा. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील निर्णयाने पुन्हा थांबल्या. त्याआधीच्या वर्षांत खाणींतील उपशाने शिरगावच्या विहिरींचे पाणी गेल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. त्यांपैकी एका पट्ट्याचे नावच शिरगाव-मये असे आहे. २०२४ पासून डिचोलीत खनिजाचे काम पुन्हा सुरू झाले. खाण असावी की नसावी, हा वाद येथे काढण्याचे कारण नाही. परंतु खाण असेल तर तिच्या खालच्या अंगाला असलेल्या पाण्यात पहिल्या पावसाआधी काय होते आणि नंतर काय आले, याचा हिशेब असलाच पाहिजे. हिशेब नसला की दरवर्षी तोच तंटा होतो. गाव म्हणते गाळ खाणीचा, दुसरी बाजू म्हणते डोंगर मुळातच लाल आहे. आणि दोघांपाशीही आकडा नसतो.

पाश्चात्य देशांत असे हिशेब ठेवण्याचे काम बरेच पुढे गेले आहे. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील जिनिव्हा सरोवरात २०१९ पासून दहा मीटर लांब-रुंद असा एक तरंगता मंच नांगरून ठेवला आहे. शास्त्रज्ञ तेथून सरोवराची नाडी पाहतात. त्या देशात अनेक सरोवरांच्या उष्णतेचे आणि प्रवाहांचे भाकीत हवामानाच्या भाकितासारखे कोणालाही पाहता येते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचे सुमारे ५१ किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. तेथे २०१३ साली एक विद्यापीठ, संगणक बनविणारी एक मोठी कंपनी आणि सरोवरासाठी झटणारी स्थानिक संस्था यांनी मिळून मापकयंत्रांचे जाळे विणले. तरीसुद्धा नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सरोवरात विषारी ठरू शकणारे शेवाळ प्रथमच फुलले. म्हणजे यंत्रे फुकट गेली काय? तसे नव्हे. पण वैद्याने नाडी धरली म्हणून ताप येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये.

आपल्याकडे परदेशी गणित जसेच्या तसे आणून चालणार नाही, याला एक साधे कारण आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे दर पाच दिवसांनी कोणासही विनामूल्य मिळतात आणि पाण्याच्या रंगावरून गढूळपणा ताडता येतो. पण गोव्यात वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गाळ येतो तो याच दिवसांत, आणि याच दिवसांत ढगांमुळे उपग्रहाचे डोळे मिटलेले असतात. रडारचा उपग्रह ढगांतून पाहतो खरा, पण त्याला पाणी कोठवर पसरले एवढेच दिसते. रंग दिसत नाही. तेव्हा ज्या चार महिन्यांची गरज, त्यांची नोंद पाण्यातूनच घ्यावी लागते. तेथेही यंत्राला वीज मारते, त्याच्या काचेवर शेवाळ धरते. आठवड्यातून एकदा होडी घालून ते पुसणारा मनुष्य नसेल तर जुळे मुकाट्याने खोटे आकडे गिळीत राहते.

आता डिचोली तालुक्यातीलच आमठाणे धरणाकडे वळू. तिळारीच्या कालव्याचे पाणी बंद पडले की अस्नोडा येथील जलशुद्धीकरण केंद्राची भिस्त या धरणावर येते आणि त्या केंद्रावर बार्देशातील घरे अवलंबून असतात. तिळारीचा कालवा फुटणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. अशा वेळी अभियंत्यापुढे प्रश्न उभा राहतो तो किती पाणी आहे एवढाच नव्हे. कोणत्या थरापर्यंतचे पाणी उचलण्याजोगे आहे, हाही असतो. पातळी उतरत गेली म्हणजे उपशाच्या तोंडाशी तळचे पाणी येते, आणि ते लोह-मँगनीज घेऊन आले तर शुद्धीकरणाचा खर्च व त्रास दोन्ही वाढतात. उपसा आज थोडा कमी करावा की चार दिवसांनी अजिबात थांबवावा, हे जुळ्यावर आधी करून पाहता आले तर नळाला येणाऱ्या पाण्याचा रंग पाहून निर्णय घेण्याची पाळी येणार नाही. या युक्तीचा पहिला मान आमठाण्याला द्यावा तो यासाठी. मयेचे तळे सुंदर आहे, पण आमठाण्याचे पाणी लोक पितात.

पेडण्यातील प्रश्न याहून निराळा. हरमलच्या उत्तरेला, पालये गावच्या किनाऱ्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गोड्या पाण्याचे तळे आहे. एका बाजूस झऱ्याचे पाणी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये वाळूची एक पट्टी. एवढ्याशा पट्टीवर त्याचा गोडवा टिकून आहे. समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा घनमीटरमागे सुमारे पंचवीस किलो जड असते. तेव्हा ते आत शिरलेच तर तळाशी जाऊन बसेल आणि वरून ओंजळभर चाखणारा पाणी गोडच आहे म्हणून सांगेल. येथे मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. तळाजवळ खारटपणा मोजणारे एक यंत्र, झऱ्याच्या धारेचे मोजमाप आणि वरच्या डोंगरातील उपशाची प्रामाणिक नोंद एवढ्यावर जुळ्याचे भागेल. प्रामाणिक नोंद हाच त्यातील सर्वांत महाग पदार्थ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

पूर्वीच्या गोव्यात असे जुळे नव्हते काय? एका अर्थाने होते. खाजन शेतीच्या मानशीवर नेमलेल्या माणसाला भरती-ओहोटी, चंद्रकला, मासळी आणि भाताचे दिवस मुखोद्गत असत. दार केव्हा उघडावे हे तो कागद न पाहता सांगे, कारण सारे पाणी त्याच्या डोक्यात वाहत असे. चूक झाली तर गावकरी जाब विचारीत. गावकरी संस्थांचा अधिकार ओसरला, मानशी मोडकळीस आल्या, आणि ते ज्ञान माणसांबरोबर गेले. संगणकातील जुळे त्याची जागा घेऊ शकेल, पण जाब कोणी द्यावयाचा हे आधी ठरले पाहिजे. आकडे कार्यालयाच्या कपाटात बंद राहिले किंवा ज्याच्या गाळाचा हिशेब व्हायचा त्याच्याच हाती राहिले, तर गावाला त्या जुळ्याचा काय उपयोग? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार पंचायतीपंचायतीत समित्या आहेत. आकडे रोजच्या रोज तेथील फलकावर लागावेत, ही मागणी काही अवाजवी नाही.

आरंभ स्वस्तात होऊ शकतो. १८६५ साली आंजेलो सेक्की या जेजुइट धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी सोडली आणि ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली मोजली. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची ही रीत आजही जगभर चालते. वीतभर व्यासाचा पत्रा, काळा-पांढरा रंग, गाठी मारलेली दोरी आणि खाली एक वजन, एवढेच साहित्य लागते. मये आणि डिचोलीच्या शाळांतील मुलांना मोठ्या माणसांच्या सोबतीने दर शनिवारी, एकाच जागी, एकाच वेळी ही तबकडी सोडता येईल. काठावर एक पर्जन्यमापक आणि पाण्याच्या उंचीची खुणांची पट्टी असली म्हणजे वही सुरू झाली. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातच आहे. वहीतील आकडे तपासून देणारे जाणकार शोधावयास फार लांब जावे लागणार नाही.

मात्र अशी वही निदान दोन पावसाळे चालली पाहिजे. पहिल्या पावसाळ्याच्या नोंदी जुळ्याला शिकविण्यासाठी, दुसऱ्याच्या त्याची परीक्षा घेण्यासाठी. आणि परीक्षेचा कागद त्याला आधी दाखवावयाचा नाही, हा नियम शाळेतल्याइतकाच येथेही कडकपणे पाळावा लागतो.