बिल्ला, पदक आणि पलटण

(निवृत्त सैनिकांच्या सभेत केलेले भाषण)



14 ऑक्टोबर 1956 रोजी आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली व जात टाकली. मग ‘महार’ ही अक्षरे असलेला आजोबांचा बिल्ला घरात कशासाठी ठेवावयाचा, असा प्रश्न आपले तरुण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मी वकिलाच्या रीतीने, म्हणजे पुराव्याच्या अंगाने देणार आहे.

त्यासाठी प्रथम सैन्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. दहाएक शिपायांची एक सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, प्लाटूनांची कंपनी आणि चार रायफल कंपन्या व इतर विभाग मिळून बटालियन, जिला आपले वडील पलटण म्हणत. सामान्यतः तीन पलटणींची ब्रिगेड व तीन ब्रिगेडींची डिव्हिजन होते. रेजिमेंट ह्या उतरंडीत बसत नाही. आपल्या पायदळात रेजिमेंट म्हणजे पलटणींचे कूळ होय: एक केंद्र, एक बिल्ला, एक नाव. पलटण कोणत्याही ब्रिगेडीखाली लढो, शिपायाच्या टोपीवर बिल्ला आपल्या रेजिमेंटचाच असतो.

आता ह्या रचनेत जात कोठून आली? 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला लढलेली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण मिश्र होती. तेथील स्तंभावर कंपनीच्या धारातीर्थी पडलेल्या 49 शिपायांची नावे आहेत. त्यांपैकी 22 नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे. उरलेली नावे इतर समाजांची आहेत, हेही आपण आवर्जून सांगितले पाहिजे. अर्धे सत्य सांगणाऱ्याचा पुरावा उलटतपासणीत टिकत नाही.

पुढे ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त बोकाळला आणि कंपन्या जातवार बांधण्यात आल्या. ह्या व्यवस्थेतील अन्याय फार सुबक होता. कोणाला भित्रा ठरवावयास नको, चौकशी नको, निकाल नको. रचनेच्या तक्त्यात ज्या जातीची कंपनी नाही, त्या जातीच्या माणसाला उभे राहण्यास जागाच नाही, एवढे पुरे! 1892–93 च्या सुमारास आपली भरती अशीच बंद झाली. कोरेगावचा स्तंभ तेव्हाही जागेवरच उभा होता. भरतीबरोबर वेतन गेले, पेन्शन गेले आणि पलटणीतील शाळाही गेली. ह्या शाळेचे मोल काय होते, हे सुभेदार रामजी सकपाळ ह्यांच्या घराकडे पाहिले म्हणजे कळते. ते लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीतच झाला.

निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी 1894 साली व शिवराम जानबा कांबळे ह्यांनी 1910 साली सरकारकडे अर्ज केले. दाद लागली नाही. महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा मात्र 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच 1921 पर्यंत ती मोडण्यातही आली. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावला गेले, ते ह्या इतिहासाची जाणीव ठेवूनच. 1941 साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. अर्जाने जे झाले नाही ते अधिकाराच्या जागेवरून झाले.

रेजिमेंटच्या बिल्ल्यावर प्रारंभी कोरेगावचा स्तंभ होता. 1946 साली ती मशीनगनची रेजिमेंट झाली. बिल्ल्यावर दोन तिरप्या व्हिकर्स मशीनगन आल्या, आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. आज तिचे केंद्र मध्यप्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत कामी आलेले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन तिच्याच आठव्या पलटणीचे. म्हणजे ज्या नावाने एकेकाळी दार बंद झाले, त्या नावाखाली आज कोणीही उभा राहतो.

मग नावाचे काय? जुन्या खरेदीखतावर आजोबांचे जुने नाव असते. नातवाने नाव बदलले म्हणून तो खत फाडीत नाही. फाडले तर जमिनीवरचा हक्क कशाने शाबीत करील? बिल्ला घरात ठेवल्याने जात परत येत नाही. तो देव्हाऱ्यात मात्र ठेवू नये. त्याची जागा कागदपत्रांच्या पेटीत आहे.

दुःखाची गोष्ट अशी की ह्या वस्तू सोनाराकडे मोडीत जात आहेत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल हे शिपायाला चांदीचे मिळे. चांदी थोडीच, पण त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटविलेली असते. ज्या माणसाच्या नावाची नोंद गावाच्या कोणत्याही दप्तरात सन्मानाने झाली नाही, त्याचे नाव तेथे आहे. पदक वितळले की ती ओळही गेली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. घरी गेल्यावर पदकाची कड उजेडात धरा आणि जे दिसेल ते अक्षर न बदलता वहीत उतरून घ्या. डिस्चार्जच्या दाखल्याची नक्कल करा. पेन्शनचे पुस्तक असेल तर त्यावरील क्रमांकही टिपा. रिबिनीला पाणी लावू नका, पदक चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. ज्यांना वाचता येत नसेल त्यांनी वस्तू पुढच्या पौर्णिमेला विहारात आणावी. मी व माझे दोन सहकारी वही घेऊन बसू. वस्तू त्याच वेळी परत मिळेल.