हयातीचा दाखला

आज मी एका फोटोग्राफरबद्दल बोलणार आहे. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढलेल्या माणसाचा फोटोग्राफीशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आम्ही पेन्शनर लोक दर नोव्हेंबरात एक काम करतो: हयातीचा दाखला देतो. पूर्वी बँकेत जाऊन तोंड दाखवायचं, आता मोबाइलसमोर चेहरा धरायचा. चेहरा जुळला की सरकारदरबारी आपण वर्षभर जिवंत. दोन वर्षांपूर्वी माझा दाखला मुलीनं मोबाइलवर भरून दिला. ते झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे पुस्तक बघा. तुमच्या कामाचं आहे."

पुस्तक साशा मास्लोव या युक्रेनियन फोटोग्राफरचं होतं. मास्लोव मूळचा खार्किवचा. खार्किव हे नाव आम्ही लष्करी इतिहासाच्या वर्गात ऐकलेलं. 1941 ते 1943 या काळात जर्मन आणि सोव्हिएत सैन्यांत या शहरासाठी पुन्हा पुन्हा लढाया झाल्या. पण फोटोग्राफीच्या जगात खार्किवची ओळख वेगळी आहे. 1934 पासून तिथे 'फेड' नावाचा कॅमेरा बनायचा, जर्मन लायकाची नक्कल. तो बनवायची सुरुवात अनाथ मुलांच्या एका वसाहतीत झाली. पुढे 1971 साली तिथल्या काही तरुणांनी 'व्रेम्या' नावाचा गट काढला आणि सरकारला नको असलेले फोटो काढायला सुरुवात केली. त्यांच्यातले बोरिस मिखाइलोव्ह पुढे जगभर नावाजले गेले.

अशा शहरात जन्मलेला मास्लोव तिशीच्या आत न्यूयॉर्कला गेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वृत्तपत्रांसाठी माणसांचे फोटो काढू लागला. परक्या देशात जम बसला होता. पण त्यानं एक वेगळंच काम अंगावर घेतलं. दुसऱ्या महायुद्धात भाग घेतलेली आणि अजून हयात असलेली माणसं देशोदेशी जाऊन शोधायची. त्यांच्या घरी जायचं, त्यांच्याशी बोलायचं आणि त्यांच्याच खोलीत त्यांचा फोटो काढायचा. त्यातून 2017 साली 'व्हेटरन्स' हे पुस्तक आलं. प्रत्येक फोटोसोबत त्या माणसाची हकीकत, त्याच्याच तोंडून.

मी ते पुस्तक एका बैठकीत संपवलं. त्यात कामिकाझेचं, म्हणजे विमानासकट शत्रूवर आदळून मरण्याचं, प्रशिक्षण घेतलेला एक जपानी आहे. तो जगला आणि म्हातारा झाला. रॉस्को ब्राउन आहेत, अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांच्या तुकडीतले. युद्धात एक हात गमावलेला एक जर्मन आहे. पुढे त्यानं शत्रुपक्षाच्या जुन्या सैनिकांशीच मैत्री केली. आणि दिल्लीकडचा एक शीख शेतकरी आहे. तो जपान्यांच्या हाती कैद झाला होता, आणि युद्ध संपल्यावरही चार वर्षांनी घरी पोचला. चार वर्षं! घरच्यांनी काय समजून दिवस काढले असतील?

मंडळी, या फोटोंत शौर्य दाखवण्याचा आटापिटा नाही. भिंतीवरचा गालिचा, टेबलावरची औषधं, जुनी खुर्ची आणि त्यात बसून सरळ तुमच्याकडे बघणारा माणूस. जिंकलेला आणि हरलेला एकाच पद्धतीनं बसवलेला. सैनिक म्हणून सांगतो, हे सोपं नाही. आम्हाला समोरच्याचा चेहरा न बघण्याची सवय लावलेली असते.

आणखी एक. या पुस्तकात रशियातले म्हातारे आहेत आणि युक्रेनमधलेही. ते एकाच लाल सेनेत, एका बाजूनं लढले. 24 फेब्रुवारी 2022 पासून त्यांची नातवंडं एकमेकांसमोर उभी आहेत, आणि मास्लोवच्या खार्किववर तोफा डागल्या गेल्या. आता ते फोटो बघताना हात थांबतो.

त्याचं दुसरं पुस्तक युक्रेनमधल्या रेल्वे फाटकांवर काम करणाऱ्या बायकांचं आहे. रुळाशेजारचं छोटंसं घर, दारापुढे फुलझाडं आणि गाडी जाईपर्यंत ताठ उभी राहिलेली बाई. आपण गाडीच्या खिडकीतून असं कोणी पाहतो आणि पुढच्या क्षणी विसरतो. तो तिथे उतरला. युद्ध सुरू झाल्यावर याच रेल्वेनं लाखो माणसांना सुरक्षित ठिकाणी नेलं.

आता माझ्याबद्दल. माझे वडील पाचव्या मराठाच्या पहिल्या पलटणीत इटलीत लढले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवरच्या ज्या लढाईत नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या लढाईत वडीलही होते. त्याबद्दल आयुष्यात ते एकच वाक्य बोलले: "पाणी लई गार होतं." मी स्वतः अधिकारी झालो, नकाशावर त्या लढाया शिकलो, पण घरी येऊन "दादा, पुढं काय झालं?" असं कधी विचारलं नाही. 1994 साली ते गेले. त्यांचा एकच नीट फोटो आमच्याकडे आहे, पेन्शनच्या कागदासाठी आईसोबत काढलेला. दोघंही श्वास रोखून बसलेत. तो फोटो वडील हयात होते एवढंच सांगतो. ते कसे होते ते सांगत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी मोबाइल घेऊन निघालो. आम्ही आता महूला राहतो. तिथे 1971 च्या युद्धातले एक हवालदार आहेत, आमच्या सातारा जिल्ह्याकडचेच. त्यांना मेडलं लावायला सांगितली, भिंतीला टेकून उभं केलं. फोटो आला ओळखपत्रासारखा. मीच हुकूम सोडत होतो, दुसरं काय होणार? मग वहिनींनी चहा आणला. ते खाटेवर बसले, टोपी काढली. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि विचारलं, "तेव्हा काय झालं होतं?"

बराच वेळ गप्प राहून ते बोलले. त्या युद्धात 93 हजार कैदी आपल्या ताब्यात आले. त्यांच्या छावणीवर यांचा पहारा होता. एका कैद्यानं घरच्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी यांच्या हातात दिली. यांनी नियमाप्रमाणे ती वर दिली. "साहेब, पुढं ती पोचली का नाही, कुणाला विचारणार? पन्नास वर्षं झाली, पण ते पोरगं डोळ्यापुढून जात नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे मला कधी बोलला नाहीत."

त्यानंतर काढलेल्या फोटोत ते थोडे वाकलेले आहेत, हातात कप आहे, केस विस्कटलेले. वहिनींनी तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

मंडळी, माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, कुठंही. तुमच्या घरात किंवा शेजारी असा कोणी म्हातारा किंवा म्हातारी असेल. सैनिकच असायला हवा असं नाही. त्यांच्याकडे जा, त्यांच्या नेहमीच्या जागी त्यांना बसू द्या, आधी विचारा, पूर्ण ऐका आणि मग फोटो काढा. त्यामागे नाव, गाव, तारीख आणि ते जे बोलले ते लिहून ठेवा. महागडा कॅमेरा लागत नाही, वेळ लागतो.

सरकारला दर नोव्हेंबरात दाखला मिळतोच. घरच्यांसाठीचा दाखला आपणच तयार करायचा असतो. माझ्या वडिलांचा राहून गेला. तुमचा राहू देऊ नका.

जय हिंद.