रमीचा डाव, कबुतर आणि आपला अंगठा

हेडफोन लावलेत का? आजचा एपिसोड स्पीकरवर आई-बाबांसमोर ऐकलात तरी चालेल. खरं तर ऐकवाच.

आजचा प्रश्न एकदम साधा आहे. गणपतीत आरास झाली, आरती झाली, की रात्री पडवीत पत्त्यांचा डाव बसतो. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, रमी. आजोबासुद्धा चष्मा पुसून बसतात. मग तीच रमी मोबाईलवर पैसे लावून खेळली तर त्यात वेगळं काय? पत्ते तेच, नियम तेच. एवढा गहजब कशाला?

मला हा प्रश्न माझ्या मावसभावाने विचारला होता. त्याच्या परवानगीने सांगतोय, पण नाव सांगणार नाही. आपण त्याला नुसता 'भाऊ' म्हणू.

भाऊ हुशार. आमच्या घरात रमीत त्याला कोणी हरवत नाही. कोणी कोणतं पान टाकलं, कोणी काय उचललं, सगळं त्याच्या डोक्यात असतं. मी त्याला म्हटलं, "अरे, हा जुगार आहे." तर तो म्हणाला, "दादा, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रमी म्हणजे कौशल्याचा खेळ."

आता गंमत बघा, तो खोटं बोलत नव्हता. १९६७ चा निकाल आहे. सिकंदराबादमधल्या एका क्लबचं प्रकरण होतं. कोर्ट म्हणालं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं ते ठरवावं लागतं, म्हणून त्यात मुख्यतः कौशल्य आहे. पण त्याच निकालात पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा किंवा क्लबचा मालकच नफा कमवत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो, असंही कोर्टाने म्हटलंय.

म्हणजे पडवीतला डाव आणि ॲपमधला डाव यातला पहिला फरक सापडला. पडवीत जिंकणारा आणि हरणारा दोघं तिथेच असतात. ॲपमध्ये आणखी एक गडी असतो, तो पत्ते हातातच घेत नाही. प्रत्येक डावातून त्याचा वाटा आधीच बाजूला निघतो. तुम्ही जिंका नाहीतर हरा, त्याला काही फरक पडत नाही. तुम्ही खेळत राहिलात की झालं.

आणि खेळत कसं ठेवायचं, त्याचं उत्तर कबुतराकडे आहे. हसू नका! स्किनर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कबुतरांना पेटीत ठेवून प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद केला, तर कबुतर थोड्याच वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी दुसऱ्या टोचीला, कधी विसाव्या टोचीला, असा नेम नसताना मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावरही ते बिचारं टोचतच राहतं.

आता आपला अंगठा आठवा. रील वर सरकवतो, एक फालतू, दुसरी फालतू, तिसरी भारी! मग आणखी एक, आणखी एक. कबुतरच की! फरक एवढाच की रीलमध्ये आपला वेळ जातो. रमीत खात्यातले पैसे जातात.

भाऊ पहिल्या आठवड्यात जिंकला. मग थोडं हरला. मग "फक्त एका पानाने हुकलं" असं सुरू झालं. हे हुकणं फार वाईट, बरं का. डोकं त्याला हार मानतच नाही, 'जवळजवळ जिंकलो' असं समजतं. पडवीत खिशातली चिल्लर संपली की माणूस उठतो, आजी ओरडते, पहाटे काकडआरतीला जायचं असतं. इथे रात्री दोन वाजता एकटाच, पांघरुणात, यूपीआयचा पिन टाकला की पुन्हा खिसा भरलेला. सहा महिन्यांत चौसष्ट हजार गेले. त्यात कॉलेजची फी होती. मावशीने भिशीतून जमवलेली.

आता थोडं राजकारण, नाहीतर तुम्ही म्हणाल आज विसरलो. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळातला एक व्हिडिओ फिरला होता, आठवतंय? तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसतेय म्हणून. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो. पुढे त्यांचं खातं बदललं. मिळालं कोणतं? क्रीडा. मीम बनवणाऱ्यांची दिवाळी झाली.

पण पुढच्याच महिन्यात खरी बातमी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा वादच त्या कायद्याने बाजूला ठेवला. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना मोकळीक. आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे नीट ऐका, कारण "पोलीस पकडतील" या भीतीने भाऊ चार महिने गप्प होता.

बंदी आली म्हणून सगळं मिटलं का? नाही. भावाला आजही अनोळखी नंबरवरून लिंक येतात. नवं नाव, नवा बोनस. कायदा दुकान बंद करू शकतो, पण रात्री दोनची ती तलफ त्याची त्यालाच सोसावी लागते.

शेवटी त्याने मावशीला सांगितलं. मला वाटलं, घर डोक्यावर घेईल. मावशी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी तिने स्वतः यूपीआय शिकून घेतलं आणि त्याच्या खात्याची दिवसाची मर्यादा कमी करून घेतली. आता भाऊ संध्याकाळी एका दुकानात काम करतो, दर महिन्याला थोडे थोडे परत देतो. अजून बरेच बाकी आहेत.

गेल्या गणपतीत डाव बसला तेव्हा तो लांब उंबऱ्यावर जाऊन बसला. पोरांनी हाक मारली, "दादा, पत्ते पिसायला तरी ये!" तो आला. बदाम सात खेळला, चिंचोके लावून. हरला, आणि हसला. मी बऱ्याच दिवसांनी त्याला हसताना बघितलं.

तुमच्या जवळचं कोणी यात अडकलं असेल तर ओरडायच्या आधी एकदा ऐकून घ्या. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. ऑनलाईन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

आणि हो, तुमच्या घरी गणपतीत कोणता डाव रंगतो? व्हॉईस नोट पाठवा. झब्बूचे नियम प्रत्येक गावात वेगळे असतात असा माझा दावा आहे, पुढच्या वेळी त्यावरच भांडू. चला, भेटू!